फ्रीबीएसडीवर झेडएफएस: आठ महिन्यांत शिल्लक राहिलेली एक ओळ

घरच्या जुन्या डेस्कटॉपवर फ्रीबीएसडी 14 ही युनिक्स घराण्यातली ऑपरेटिंग सिस्टम टाकून आठ महिने झाले. 8 जीबी रॅम, 4 टीबीच्या दोन डिस्क मिररमध्ये (दोन्हींवर तीच प्रत), वर झेडएफएस ही फाइल सिस्टम. काम साधं: घरातल्या सगळ्यांचे फोटो, कागदपत्रांचे स्कॅन आणि बीहाइव्हवर, म्हणजे फ्रीबीएसडीच्या आभासी मशीनवर, चालणारं एक छोटं लिनक्स. झेडएफएस उत्तम आहे, त्यात वाद नाही. गंमत आहे ती कर्नलच्या, म्हणजे सिस्टमच्या गाभ्याच्या, सेटिंगची.

पहिल्याच आठवड्यात मी शहाणपणा केला. कुठल्याशा जुन्या लेखातल्या ओळी उचलून लोडर.कॉन्फमध्ये, म्हणजे मशीन सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या सेटिंगच्या फायलीत, चिकटवल्या. आर्कची, म्हणजे झेडएफएसच्या रॅममधल्या कॅशची, कमाल मर्यादा 512 एमबी, प्रीफेच (पुढचा डेटा आधीच वाचून ठेवणं) बंद, असं बरंच काही. त्या ओळी फ्रीबीएसडी 7 च्या, म्हणजे 2008 च्या काळातल्या. तेव्हा झेडएफएस तिथे नवखं होतं, 32 बिटी कर्नलला मेमरीच्या पत्त्यांची जागा तोकडी पडायची आणि 'केमेम मॅप टू स्मॉल' म्हणत मशीन आडवं व्हायचं. म्हणून लोक कॅशला लगाम घालत. माझ्या 64 बिटी मशीनला तो आजारच नव्हता, औषध मात्र मी पाजलं. परिणाम असा, की फोटोंचं मोठं फोल्डर उघडायला दरवेळी डिस्क खरखरायची. फायलींची यादीसुद्धा कॅशमध्ये टिकत नव्हती.

वैतागून सगळ्या ओळी उडवल्या. फोल्डर झटक्यात उघडू लागली, पण आता आर्क जवळजवळ 7 जीबीपर्यंत फुगायला मोकळा झाला. कोणी मागितली की तो मेमरी सोडतो, हे खरं. पण माझ्या लिनक्सला एकदम 3 जीबी लागायची आणि आर्क सावकाश, पाहुण्याला जागा करून द्यावी तसा सरकायचा. तोवर स्वॅप (रॅमऐवजी डिस्क वापरणं) सुरू. शेवटी मर्यादा 4 जीबी केली. चालू मशीनवर सिस्टम कंट्रोलच्या कमांडने आकडा बाइटमध्ये दिला, 4294967296. टॉप या मेमरीचा वापर दाखवणाऱ्या कमांडमधल्या आर्कच्या ओळीत तो हळूहळू उतरताना दिसला. दोन दिवस बघितलं, मग लोडर.कॉन्फमध्ये कायम केलं. त्यानंतर त्याला हात लावलेला नाही.

खरा मनस्ताप दिला तो डिस्कच्या सेक्टरचा (एका वेळी लिहिल्या जाणाऱ्या तुकड्याचा) आकार ठरवणाऱ्या अ‍ॅशिफ्टने. पूल, म्हणजे डिस्क एकत्र करून केलेला साठा, बनवला तेव्हा डिस्क यूएसबीच्या डब्यांत होत्या, आणि ते डबे सेक्टर 512 बाइटचा असल्याचं सांगत होते. डिस्क कॅबिनेटमध्ये बसवल्यावर पूलची तब्येत सांगणाऱ्या झेडपूल स्टेटस कमांडने तोंड उघडलं: मांडणी 512 ची, डिस्क मूळची 4096 ची, वेग कमी मिळेल. आणि अ‍ॅशिफ्ट नंतर बदलता येत नाही! पूल बनवण्याआधी मिन ऑटो अ‍ॅशिफ्ट 12 केलं असतं (दोनाचा बारावा घात 4096) तर हे टळलं असतं. मग मिररमधली एक डिस्क काढली, तिच्यावर नवा पूल केला, झेडएफएसच्या सेंड-रिसीव्ह कमांडने रात्रभर डेटा हलवला, जुना पूल मोडला आणि दुसरी डिस्क नव्या पूलला जोडली. रिसिल्व्हर, म्हणजे दुसऱ्या डिस्कवर प्रत तयार होणं, संपेपर्यंत सगळ्या घराचे फोटो एकाच डिस्कच्या भरवशावर होते. त्या रात्री झोप अशी लागलीच नाही.

आणखी एक उद्योग. डिस्कची सततची टकटक कमी व्हावी म्हणून टीएक्सजी टाइमआउट (साठलेला डेटा डिस्कवर किती वेळाने लिहायचा ते) 5 सेकंदांवरून 30 केला. आमच्याकडे पावसाळ्यात वीज कशी जाते ते सांगायला नको, आणि हे मशीन इन्व्हर्टरवर नाही. एकदा फोनवरून फोटो चढवताना वीज गेली आणि शेवटचे काही फोटो गायब. पूल मात्र शाबूत, एफएससीके (फाइल सिस्टमची तपासणी-दुरुस्ती) वगैरे भानगड नाही. कॉपी-ऑन-राइटची, म्हणजे जुन्यावर न गिरवता नवा डेटा वेगळ्या जागी लिहिण्याची, ही कमाल मानलीच पाहिजे. फोटो फोनमध्ये होते म्हणून निभावलं. आकडा परत 5.

कर्नलच्या सेटिंगशी संबंध नसलेल्या दोन गोष्टींनी मात्र फुकटात फायदा दिला: अ‍ॅक्सेस टाइम (फाइल शेवटची कधी उघडली याची नोंद) बंद आणि एलझेड4 कॉम्प्रेशन (डेटा आपोआप दाबून ठेवणं). फोटो काही आकसले नाहीत, ते आधीच दाबलेले असतात. बाकीच्या फायलींना जागा कमी लागते आणि प्रोसेसरवर भार जाणवत नाही. डीडुप्लिकेशनच्या (सारखा डेटा एकदाच साठवणं) वाटेला गेलोच नाही. एका टीबीला साधारण 5 जीबी रॅम धरा असं फ्रीबीएसडीचं हँडबुकच सांगतं, आणि इथे अख्खी रॅमच 8.

आज लोडर.कॉन्फमध्ये झेडएफएसच्या मेमरीची एकच ओळ उरली आहे. दर महिन्याचा स्क्रब (सगळा डेटा वाचून केलेली तपासणी) आतापर्यंत शून्य चुका दाखवून संपलाय. पुढच्या महिन्यात 16 जीबी रॅम टाकेन, तेव्हा तीही ओळ काढून बघणार आहे.