ऑलिंपिकच्या यजमान स्थानिक संस्थांना संचालक मंडळावर जागा की केवळ नियोजन समितीत सहभाग?

व्हँकुव्हर येथील २०१० च्या हिवाळी ऑलिंपिकच्या आयोजन समितीत २० सदस्यांचे संचालक मंडळ होते आणि त्यात व्हँकुव्हर शहराला २, तर व्हिस्लरसारख्या छोट्या नगरपालिकेलाही २ जागा होत्या. लंडन २०१२ च्या सर्वोच्च ऑलिंपिक मंडळावर मात्र शहराचे महापौर होते. ज्यांच्या हद्दीत ऑलिंपिक पार्क उभे राहिले, त्या न्यूहॅमसारख्या बरो परिषदांना (लंडनच्या विभागांच्या स्थानिक परिषदांना) तेथे स्वतंत्र जागा नव्हती, जरी बांधकाम परवानग्या देणाऱ्या नियोजन समितीत त्यांचे काही नगरसेवक होते. परवानगीच्या टप्प्यावरचा हा सहभाग निरर्थक नाही, पण तोपर्यंत खर्चाची आणि जागेची दिशा ठरून गेलेली असते. लंडनच्या करदात्यांनी कौन्सिल टॅक्समधूनही (घरांवरील स्थानिक करातूनही) या खेळांचा भार उचलला, म्हणून मला व्हँकुव्हरची रचना अधिक न्याय्य वाटते.