टिळकवाडीतला निर्यात सल्लागार : माझा अनुभव

बेळगावच्या उद्यमबागेत आमचं छोटं मशीन शॉप आहे, पंपाचे बिडाचे भाग बनवतो. आयईसी, म्हणजे आयात-निर्यात कोड, दरवर्षी एप्रिल ते जून या काळात ऑनलाइन अपडेट करावा लागतो. काही बदललं नसलं तरी तसं कळवावं लागतंच, नाहीतर कोड बंद पडतो. आमच्या आधीच्या एजंटानं हे कधी सांगितलंच नाही. माल पेट्यांत भरून तयार आणि कोड बंद! त्या रात्री मला झोप लागली नाही.

मग टिळकवाडीतल्या या सल्लागारांकडे गेलो. त्यांनी मला शेजारी बसवून माझ्याच लॉगिनमधून अपडेट केलं. जूनपर्यंत याला सरकारी फी नसते, नवा कोड काढायलाही फक्त ५०० रुपये लागतात, हेही त्यांनीच सांगितलं. आयजीएसटी (परराज्यात किंवा परदेशात जाणाऱ्या मालावरचा जीएसटी) न भरता माल परदेशी पाठवायचा तर एलयूटी, म्हणजे हमीपत्र, दर आर्थिक वर्षी नवं द्यावं लागतं, ते मराठीत नीट समजावलं. इथं त्याचं मोल फार आहे हो.

जिना अरुंद आहे, फोन लवकर लागत नाही. तरी माझे पुढचे सगळे कागद इथंच.