दोन घनमीटरचा दीनबंधू गोबरगॅस : वापरून सांगते

दीनबंधू म्हणजे जमिनीखाली विटांचा घुमट बांधून केलेला गोबरगॅस, आणि दोन घनमीटर म्हणजे दिवसाला साधारण तेवढा गॅस देणारा. आमच्याकडे म्हशी आणि गाई मिळून चार जनावरं. रोज साधारण 50 किलो शेण आणि तेवढंच पाणी कालवून टाकीत सोडायचं, काड्या-कुटार वेचून काढायचं. एवढं केलं की सकाळच्या भाकऱ्या, आमटी, चहा आणि रात्रीचा स्वयंपाक आरामात होतो. ज्योत निळी, भांडी काळी पडत नाहीत. मात्र शेगडी गोबरगॅसचीच घ्या. सिलेंडरच्या शेगडीचं भोक बारीक असतं, त्यावर हा गॅस नीट पेटत नाही.

थंडीत गॅस कमी येतो, हे आधीच सांगते. डिसेंबर-जानेवारीत सिलेंडर जोडीला लागतोच. नळीत पाणी साचलं की ज्योत फडफडते, म्हणून उताराच्या जागी पाणी काढायची तोटी बसवून घ्या. आमच्या गवंड्यानं ती बसवलीच नव्हती, नंतर दुसऱ्याकडून करून घ्यावी लागली.

तरी मी हा घ्याच म्हणेन. आपल्या देशाला लागणाऱ्या स्वयंपाकाच्या गॅसपैकी निम्म्याहून जास्त बाहेरून येतो, त्यातला बहुतेक आखातातून होर्मुझच्या सामुद्रधुनीतून. तिकडे लढाई पेटली की इकडे चुलीपाशी बसलेल्या बाईचा जीव टांगणीला! गोठ्यातलं शेण कुणी अडवू शकत नाही. वर टाकीतून बाहेर पडणारी शेणाची मळी खत म्हणून उसाला मिळते, ती वेगळीच. जनावरं दोनच असतील तर एक घनमीटरचा बांधा, मोठा बांधून उपाशी ठेवू नका.