आठ पोर्टचा आउटडोअर टॅप : एक पावसाळा काढल्यावर

उन्हाळ्यात कोल्हापुरात राजारामपुरीच्या केबल टीव्ही-नेटच्या लाईनवर हे टॅप, म्हणजे खांबावरनं घरोघरी सिग्नल वाटणारे डबे, चढवले तेव्हा पाचपैकी पाच द्यायच्या तयारीत होतो. पहिल्या झडीनंतर साडेतीनवर आलो. कापलेला दीड निव्वळ रबराचा.

लॉस, म्हणजे टॅपमधनं जाताना होणारी सिग्नलची घट, छापल्याप्रमाणे भरतो, पोर्टापोर्टात फरक नाही. विषय संपला. पोर्ट असलेल्या पुढच्या प्लेटखालचं रबर मात्र इतकं बारीक, की खाचेत बसवताना एक कोपरा हमखास वर येतो. आषाढात आपल्याकडं झड लागली की उघडायचं नाव नाही. पहिल्याच झडीत दोन टॅपांत पाणी. प्लेट काढली तर पिनेवर हिरवा थर. टीव्ही चालतोय, नेट अडखळतंय. घराकडनं आपल्याकडं येणाऱ्या 5 ते 65 मेगाहर्ट्झच्या परतीच्या सिग्नलात कचरा शिरला की असंच होतं, आणि फोन आपल्याला.

डीलर म्हणाला, "पाणी गेलंय, वॉरंटीत बसत नाही." खांबावर टांगायच्या मालाला पाण्याची वॉरंटी नाही, मग कशाची, उन्हाची? भांडून एक बदलून घेतला, दुसऱ्याचे पैसे गेले ते गेलेच.

तिथंच तीनवर आणणार होतो, पण आतल्या बायपासनं, म्हणजे प्लेट काढली तरी लाईन पुढं चालू ठेवणाऱ्या जोडणीनं, वाचवलं. शाहू स्टेडियमवरची मॅच लोकल चॅनेलवर रंगात आली होती आणि एक पोर्ट मेला. प्लेट काढून दुसरी लावली, पुढच्या गल्लीत चित्र हललंसुद्धा नाही. नाहीतर पोरांनी मला शिडीवरनं उतरू दिलं नसतं!

पण नवीन पोरांनो, ऐका. बायपास सिग्नलबरोबर लाईनचा 60 व्होल्ट एसीही पुढं नेतो. प्लेट हातात आली तरी बॉडीत करंट आहेच. ट्रंकच्या, म्हणजे मुख्य केबलच्या, पिनेचा स्क्रू सोडवायचा असेल तर पॉवर सप्लाय बंद करायचा, मीटर लावून बघायचं, मगच पाना. आणि शिडी टेकवायच्या आधी तणाव्याच्या तारेला टेस्टर दाखवा. महावितरणची एखादी वायर कुठंतरी घासत असली तर तिथं 230 येऊन बसलेले असतात. पावसात चढायचंच नाही, गिऱ्हाईक कितीही बोंबलू दे.

रबरावर इलाज म्हणून सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात फिरवतोय, स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे आवळतोय. तेव्हापासून आत थेंब नाही, म्हणून अर्धा मार्क परत : चार. हार्डवेअरच्या दुकानातला आंबट वासाचा सिलिकॉन लावू नका, तांबं खातो. रिकाम्या पोर्टाला 75 ओहमचा टर्मिनेटर लावा, उघडं तोंड ठेवू नका. ड्रॉपला, म्हणजे घरात जाणाऱ्या केबलला, खाली झोळ द्या, पाणी कनेक्टरकडं न जाता तिथनंच गळतं.

नुसतं रबर सुटं मागितलं तर डीलर म्हणतो अख्खी प्लेट घ्या. चार टॅप खोक्यात तसेच पडलेत. सुटं रबर आल्याशिवाय पुढची ऑर्डर नाही, असं त्याला सांगून आलोय.