टेपचं टोक त्याच्या मुठीत होतं

जानेवारीतली सिद्धेश्वराची गड्डा यात्रा संपली आणि आम्ही जुळे सोलापुरात नव्या घरात राहायला आलो. हॉलची खिडकी पश्चिमेची. मार्च संपता संपता दुपारी तीननंतर तिथे बसवेना, म्हणून जाड दुहेरी पडदे शिवून घेतले आणि पाइप बसवायला ओळखीतून कळलेल्या एकाला बोलावलं. त्याचं नाव लिहीत नाही. पण त्यानं जे केलं ते सगळं लिहिते, कारण आमच्याच बिल्डिंगमध्ये आणखी दोन घरांत तेच झालंय.

भाव ठरला फुटाला ९० रुपये, एक इंची स्टेनलेस स्टीलचा पाइप. ब्रॅकेट १२० ला एक, बसवायचे खिडकीमागे २००. भिंतीवर पेन्सिलच्या खुणा करून त्यानं टेप लावला. पुढचं टोक स्वतःच्या मुठीत धरलं आणि मला म्हणाला, "वहिनी, आकडा तुम्हीच वाचा, मागनं शंका नको." मीच वाचला. दोन्ही बेडरूमला ६४ इंच, हॉलला ८८, देवघराच्या खोलीला ७६. मग "पाइप पूर्ण फुटातच मिळतो" म्हणत त्यानं ६, ६, ८ आणि ७ असे २७ फूट लिहिले. ब्रॅकेट दहा, त्यात दोन मोठ्या पाइपांच्या मधल्या आधाराचे. एकूण ४,४३०. रोखच द्या म्हणाला, दिले. डायरीचं एक पान फाडून हातात दिलं, त्यावर ना नाव ना नंबर.

तो आला तेव्हा घरात मी एकटीच होते, आणि तासाभरात काम उरकून तो गेलाही.

तीन आठवड्यांनी दुपारी हॉलमधला पाइप पडद्यासकट खाली आला. खाली दिवाण आहे, सासूबाई रोज तिथेच आडव्या होतात. त्या दिवशी पाणी प्यायला म्हणून नुकत्याच उठल्या होत्या. मी धावत आले तर त्यांच्या उशीवर गिलाव्याचा तळहाताएवढा पोपडा, आणि ब्रॅकेट स्क्रूसकट गादीत रुतलेला. अजूनही ती उशी आठवली की माझे हात गार पडतात.

त्याला फोन केला. "तुमच्या भिंतीतच दम नाही," एवढं बोलून ठेवला. परत उचलला नाही.

दुसऱ्या मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी भोकात काडेपेटीची काडी घातली, ती अर्धीसुद्धा आत गेली नाही. "ताई, हे नुसत्या गिलाव्यात अडकवलंय, विटेपर्यंत पोचलंच नाही." हॉलच्या पाइपाला मधला आधारही नव्हता. दहा ब्रॅकेटचे पैसे घेऊन त्यानं आठच लावले होते, आणि तीन आठवडे रोज पडदा ओढूनही माझ्या ते लक्षात आलं नव्हतं. मिस्त्रींनी पाइपाच्या टोकाची टोपी काढली आणि मला आत बोट फिरवायला सांगितलं. बोट तांबडं झालं. वरून चकचकीत पॉलिश, आत साधं लोखंड. फ्रिजवरचं चुंबक आणलं, ते खट्कन बसलं. ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलला चुंबक असं घट्ट बसत नाही.

मग मी शिलाई मशीनच्या खणातला टेप काढून सगळ्या खुणा पुन्हा मोजल्या. ६०, ६०, ८४, ७२. चारही ठिकाणी बरोबर चारच इंच कमी. चुकून झालं असतं तर कुठे एक, कुठे दोन निघाले असते. त्याच्या टेपचे पहिले चार इंच कापलेले असणार, म्हणूनच टोक मुठीत आणि आकडा माझ्या तोंडून. माझ्या माहेरी यंत्रमाग होता, टॉवेल इंचभर आखूड भरला तर व्यापारी गठ्ठा परत करायचा. अशा घरातली मी, आणि मला टेपचं टोक बघायचं सुचलं नाही. २३ फुटांचे २७ झाले, म्हणजे ३६० रुपये. न लावलेल्या ब्रॅकेटचे २४०. स्टीलच्या भावात लोखंड घातलं ते वेगळंच.

जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी लागत नाही, १९१५ ही ग्राहक हेल्पलाइनही आहे. पण त्या डायरीच्या पानावर तक्रार करणार तरी कोणावर? नाव, पत्ता असलेलं पक्कं बिल घ्या, त्यावर "स्टेनलेस स्टील" आणि ग्रेड लिहून घ्या, पैसे फोनवरून पाठवा. मोजताना शून्याचं टोक तुम्ही धरा आणि माप सेंटीमीटरमध्ये लिहायला लावा. पाच फूट म्हणजे साधारण १५२ सेंटीमीटर, तिथे गपकन फूटभर वाढवता येत नाही.

नव्या मिस्त्रींनी दोन इंच खोल भोकं पाडली, विटेचा लाल भुसा पडायला लागल्यावरच थांबले. स्क्रू पकडणारी लांब गिट्टी ठोकली, मोठे स्क्रू आवळले, मधला ब्रॅकेट लावला आणि पाइपाला दोन्ही हातांनी जोर देऊन ओढून दाखवलं.

या उन्हाळ्यात तुमच्याकडे कोणी पाइप बसवून गेला असेल तर आज रात्रीच ब्रॅकेट हातानं हलवून बघा. आणि त्याच्याखाली पलंग किंवा पाळणा असेल तर आधी तो बाजूला सरकवा.