चित्रकार साल्वादोर दालींचं म्युझियम, फिगेरेस: शाळेच्या ट्रिपमधला सगळ्यात भारी दिवस

स्पेनच्या ट्रिपमध्ये म्युझियम आहे म्हटल्यावर आमच्या अख्ख्या वर्गाने तोंडं वाकडी केली होती, पण हे प्रकरणच वेगळं निघालं. बिल्डिंग म्हणजे मुळात जुनं नाट्यगृह, स्पेनच्या यादवी युद्धाच्या शेवटी जळालेलं, दालींनी त्याचंच 1974 मध्ये म्युझियम केलं आणि छतावर चक्क मोठमोठी अंडी ठेवली, भिंतींवर पाव!

आत गेल्या गेल्या चौकात काळी कॅडिलॅक उभी आणि पाऊस पडतो तो गाडीच्या आत. आम्ही तिथेच वीसेक मिनिटं घालवली, सर ओरडेपर्यंत. मे वेस्ट या जुन्या हॉलिवूड नटीची खोली साधी दिसते, सोफा, फायरप्लेस, दोन चित्रं, पण जिना चढून भिंगातून बघितलं की तिचा अख्खा चेहरा! लाईन असते, तरी सोडू नका. एक मोठं चित्र जवळून समुद्राकडे पाठमोरी उभी गाला (दालींची बायको), आणि लांब जाऊन डोळे बारीक केले की अब्राहम लिंकन, मला आधी दिसेचना, मैत्रिणीने मान धरून मागे ओढलं तेव्हा दिसला.

वितळलेली घड्याळं शोधत बसू नका, दालींचं ते फेमस चित्र न्यूयॉर्कला आहे. आणि हो, दालींना इथेच पुरलंय, हे कळल्यावर आमची बडबड एकदम बंद.

तक्रार एकच, आमच्या ट्रिपवाल्यांनी दीडच तास दिला, त्यामुळे दागिन्यांचा विभाग राहिला. निदान तीन तास तरी ठेवा.