१६ महिन्यांच्या लेकीला घेऊन गोवा-मुंबई क्रूझ : आमचा अनुभव

आम्ही फोंड्याचे, त्यामुळे समुद्राचं तसं नवल नाही, पण क्रूझवर चढायची ही पहिलीच वेळ आणि तीही १६ महिन्यांची लेक कडेवर घेऊन. मुरगाव बंदरातून संध्याकाळी निघायचं, दुसरा अख्खा दिवस समुद्रात आणि तिसऱ्या दिवशी सकाळी मुंबई, म्हणजे २ रात्री. मी, नवरा, सासूबाई (त्यांना मी आई म्हणते) आणि लेक. बुक करायच्या आधी मी खूप शोधलं, जिथे तिथे कॅसिनो, पूल, डीजे आणि सूर्यास्ताचे फोटो, पण रात्री दूध गरम कुठे करायचं, बाळाला आंघोळ कशी घालायची हे कोणी लिहिलेलंच नाही, म्हणून बसून लिहितेय. कंपनीचं नाव घेत नाही, मी सांगतेय त्यातलं बरंचसं कुठल्याही जहाजावर थोड्याफार फरकाने तसंच असणार.

माझं मत विचाराल तर लहान मुलाला घेऊन जाता येतं आणि मजाही येते, पण सगळं केबिनवर अवलंबून आहे. आपण दोघंच गेलो असतो तर केबिनमध्ये फक्त झोपायला आलो असतो, बाळ असलं की दिवसातले निम्म्याहून जास्त तास तिथेच जातात, दुपारची झोप, संध्याकाळी ७ नंतरची झोप, डायपर, कपडे, खाणं. तेव्हा पैसे वाचवायचे तर बाकी कशावरही वाचवा, केबिनवर नको.

आमची चूक तिथेच झाली. खिडकीवाली केबिन घेतली ते बरं केलं, पण कुठल्या मजल्यावर ते बघितलंच नाही. निघाली ती बरोबर पूलच्या डेकखाली. रात्री १२ पर्यंत डीजेचा ठोका छतातून येत होता, तो थांबला असं वाटतंय तोवर वर आरामखुर्च्या सरकवायला लागले, खर्रर्र खर्रर्र असा आवाज, आणि लेक प्रत्येक वेळी दचकून उठायची. पहिल्या रात्री मी आणि नवरा आळीपाळीने तिला खांद्यावर घेऊन त्या लांबलचक कार्पेटच्या पॅसेजमध्ये फिरत होतो. बुक करताना डेकचा नकाशा मागा, वेबसाइटवर असतोच, आणि बघा की तुमच्या वर पण केबिन आणि खाली पण केबिन असेल, मधे कुठे पूल, थिएटर, बार नको. शिवाय खालचा मजला आणि जहाजाचा मधला भाग, तिथे हेलकावे सगळ्यात कमी लागतात.

हेलकाव्यांवरून आठवलं, बोट लागली ती मला, लेकीला नाही! आमच्या डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की २ वर्षांच्या आतल्या मुलांना सहसा हा त्रास होत नाही, तो २ ते १२ या वयात जास्त असतो, आणि एवढ्या लहान मुलाला उलटीचं कुठलंही औषध स्वतःच्या मनाने द्यायचं नाही. आम्ही डिसेंबरात गेलो, समुद्र तसा शांतच होता, पण पहिल्या रात्री जेवताना मला गरगरायला लागलं. आईंनी पिशवीतून आलेपाक काढून दिला आणि डेकवर जाऊन लांब क्षितिजाकडे बघत बस म्हणाल्या, अर्ध्या तासात बरं वाटलं. आई लहान असताना त्यांच्या आईबरोबर पणजीहून आगबोटीने मुंबईला गेलेल्या, कोकण रेल्वे नव्हती तेव्हा. डेकवर वळकटी पसरायची, घरून आणलेली भाकरी खायची, बंदर आलं की खालून होडीवाले हाका मारायचे, हे सगळं त्या लेकीला मांडीवर घेऊन सांगत होत्या. तिला काय कळलं ते तिलाच माहीत, पण ती अगदी टक लावून ऐकत होती.

आता दुधाची गोष्ट, कारण सगळ्यात जास्त त्रास त्याचाच झाला. आम्ही छोटी इलेक्ट्रिक किटली घेतली होती. बंदरावर सामान स्कॅन होताना ती बाजूला काढली, पावती दिली आणि उतरताना घ्या म्हणाले. जहाजावर सगळ्यात मोठी भीती आगीची, त्यामुळे इस्त्री, किटली, शेगडी, गरम होणारी कुठलीच वस्तू केबिनमध्ये नेऊ देत नाहीत. नियम योग्यच आहे, माझी तक्रार नियमाबद्दल नाही, पण बुकिंगच्या वेळी मी २ वेळा फोन करून बाळ बरोबर आहे असं सांगितलेलं, तेव्हा एका शब्दाने कोणी बोललं नाही. पहाटे ३ ला लेक दुधासाठी उठली, रूम सर्व्हिसला फोन केला, पाणी यायला ४० मिनिटं लागली आणि आलं ते कोमट, पावडरच्या गुठळ्या होत होत्या. ती रडून रडून लालबुंद, मी पण रडायच्या बेताला.

सकाळी आमच्या केबिनचा स्टुअर्ड, म्हणजे केबिनची देखभाल करणारा कर्मचारी आला, वेंगुर्ल्याकडचा मुलगा, माझा चेहरा बघून त्याने स्वतःहून विचारलं. ऐकल्यावर म्हणाला, ताई, थर्मास आहे काय तुमच्याकडे, रात्री ११ ला मी कढत पाणी भरून आणून ठेवतो. थर्मास होता, आईंचा स्टीलचा, १ लिटरचा. दुसऱ्या रात्री ३ ला झाकण उघडलं तर वाफ आली! २ मिनिटांत दूध तयार, लेक परत झोपली. त्या मुलाचं किती कौतुक करू. उतरताना फीडबॅक फॉर्मवर त्याच्याबद्दल अर्धं पान लिहिलंय. तर किटली घरी ठेवा, चांगला थर्मास न्या, आणि पहिल्याच दिवशी स्टुअर्डशी बोलून घ्या.

बाथरूम म्हणजे विमानातल्यापेक्षा थोडं मोठं एवढंच, फक्त शॉवर, बादली-तांब्याचा प्रश्नच नाही. लेकीला डोक्यावरून शॉवर अजिबात चालत नाही. मी हवा भरायचा छोटा प्लास्टिकचा टब नेला होता, तो शॉवरखाली बरोबर बसला आणि तिची आंघोळ हा दिवसातला सगळ्यात छान कार्यक्रम झाला. टॉयलेटचा फ्लश मात्र आवाजाने धडकी भरवतो. व्हॅक्यूमचा असतो, एकदम ओढून घेतो, पहिल्यांदा दाबला तेव्हा लेक भोकाड पसरून आईंच्या गळ्यात. नंतर आम्ही तिला बाहेर नेऊन, दार लावून मगच दाबायचो. आणि त्यात डायपर, वाइप्स काहीही टाकू नका, एक अडकला की फक्त तुमचंच नाही, शेजारच्या केबिनचं पण बंद पडू शकतं. डायपर तिथल्या दुकानात मिळाले नाहीत, हिशोबाच्या दुप्पट नेले होते म्हणून निभावलं.

पूलचं आधी माहीत असेल तर हिरमोड होणार नाही. डायपर घालणाऱ्या मुलांना पूलमध्ये सोडत नाहीत, पोहायचा डायपर असला तरी नाही. बहुतेक क्रूझवर हाच नियम, कारण सगळे एकाच पाण्यात. आम्ही तिच्यासाठी पोपटी रंगाचा स्विमसूट हौसेने घेतलेला, तो टबमध्येच घातला. मुलांच्या खेळायच्या खोलीत ३ वर्षांच्या आतल्या मुलाला सोडून जाता येत नाही, आपण बरोबर बसावं लागतं. बसलो, ठोकळे आणि बॉल होते, तिला आवडलं.

खाण्याचं सांगायचं तर मोठ्यांसाठी चंगळ आहे, बाळासाठी डोकं चालवावं लागतं. बुफेत भाज्या सगळ्या तिखट आणि मलईवाल्या. आईंनी नाचण्याचं पीठ बांधून घेतलं होतं तिझन (नाचण्याची खीर) करायला, पण बाहेरचं काही आम्ही किचनमध्ये घेऊ शकत नाही असं नम्रपणे सांगितलं. मग मी तिथल्या मुख्य शेफना भेटले, गुरगुट्या भात, बिनतिखटाचं वरण आणि वर तूप एवढंच मागितलं. दुसऱ्या दिवसापासून आम्ही दिसलो की वाटी तयार! विचारायला लाजू नका. रात्रीचं जेवण साडेसातला सुरू व्हायचं, तोवर लेक भुकेने आणि झोपेने कावलेली, म्हणून ४ च्या चहाच्या वेळी केळी आणि ब्रेड उचलून केबिनमध्ये ठेवत होतो. आणि खायच्या आधी हात साबणाने धुवायचे, दारातल्या सॅनिटायझरवर विसंबू नका, जहाजावर पसरणाऱ्या नोरोव्हायरससारख्या जुलाब-उलटीच्या साथीवर तो नीट काम करत नाही.

लाइफ जॅकेटबद्दल मात्र मला अजून राग आहे. निघायच्या आधी सगळ्यांना गोळा करून धोक्याच्या वेळी कुठे जमायचं ते दाखवतात, ते सक्तीचंच असतं. केबिनच्या कपाटात जॅकेटं होती ती मोठ्यांची. १५ किलोच्या आतल्या मुलांसाठी वेगळं छोटं जॅकेट असतं, आणि सोलास नावाच्या आंतरराष्ट्रीय नियमांत तर २४ तास किंवा त्याहून जास्त प्रवास असेल तर जहाजावरच्या प्रत्येक तान्ह्या मुलासाठी ते हवंच असं लिहिलंय. बाळाचं तिकीट काढलेलं, वय लिहिलेलं, तरी केबिनमध्ये ठेवलेलं नाही. मी विचारल्यावर एकाने दुसऱ्याकडे पाठवलं, दुसऱ्याने तिसऱ्याकडे, शेवटी जहाज धक्क्यावरून सुटायच्या जेमतेम १० मिनिटं आधी मिळालं. मी ते तिथल्या तिथे तिला घालून, पट्टे आवळून बघितलं, मांडीतून जाणारा पट्टा पण नीट लावला, नाहीतर एवढं लहान मूल जॅकेटातून खाली निसटू शकतं. लोक बघत होते, बघू दे. तुम्ही पण केबिनमध्ये शिरल्या शिरल्या आधी कपाट उघडा, सेल्फी नंतर.

जॅकेट हातात आल्यावर जीव भांड्यात पडला आणि मग वर डेकवर गेलो. खरंच सांगते, त्या अर्ध्या तासासाठी सगळं माफ. मुरगावचा डोंगर मागे सरकत गेला, उजवीकडे दोना पावला, मग काबोचं राज्यपालांचं निवासस्थान, मग आग्वादचा किल्ला, जे आपण आयुष्यभर जमिनीवरून समुद्राकडे बघत बघितलं ते पहिल्यांदा समुद्रातून जमिनीकडे बघितलं. लेक स्लिंगमध्ये माझ्या छातीशी, तिचे केस वाऱ्याने माझ्या तोंडात, आणि ती खाली फेसाकडे बोट दाखवून "दूदू, दूदू" म्हणत होती. स्लिंग नेलात तर उत्तम, कारण बाबागाडीचे हाल होतात, डेकच्या दारांना उंचच उंच उंबरठे आणि केबिनच्या दारातून आमची गाडी आत जाईना, २ दिवस दुमडून पलंगाखाली.

पाळणा फुकट मिळतो पण आधी कळवावं लागतं, आणि तो लावला की बाथरूमचं दार अर्धंच उघडतं. बाळ धरून केबिनमध्ये माणसं मोजतात, लाइफबोटीतल्या जागेचा हिशोब असतो, त्यामुळे मांडीवरचं आहे म्हणून पाचवं घुसवू असं होत नाही. किनारा दूर गेला की मोबाइलची रेंज जाते, वायफायला वेगळे पैसे, तेव्हा डॉक्टरांना फोन करू या भरवशावर राहू नका. तापाचं औषध वजनाप्रमाणे किती द्यायचं ते कागदावर लिहून घ्या, थर्मामीटर आणि ओआरएस बरोबर असू दे. जहाजावर डॉक्टर असतात पण लहान मुलांचे नसतात.

अजून बाळाला पाण्यावर कधी नेलंच नसेल तर आधी रायबंदर-चोडणच्या फेरीबोटीत बसवून बघा. इंजिनाचा आवाज, वारा, गर्दी तिला सोसते का ते तिथेच कळतं. आम्ही २ रविवार तेच केलं होतं. आणि वर्षाच्या आतलं बाळ असेल तर मी म्हणेन थांबा, ६ महिन्यांच्या आतल्यांना तर बहुतेक क्रूझवर घेतच नाहीत.

मुंबईला उतरायला २ तास गेले, मजल्याप्रमाणे नंबर लावून सोडतात, लहान मुलं आणि म्हातारी माणसं यांची वेगळी रांग नव्हती. आईंनी कठड्याला टेकून उभं राहून काढले ते २ तास. किटली परत घेतली, दादरला नणंदेकडे राहिलो आणि दुसऱ्या दिवशी मांडवी एक्सप्रेसने घरी. कंपनीला मी सविस्तर मेल केलाय, ३ गोष्टी मागितल्यात : बुकिंगच्या वेळीच किटलीचा नियम सांगा, बाळाचं जॅकेट आधीपासून केबिनमध्ये ठेवा, उतरताना बाळवाल्यांना आधी सोडा. नोंद घेतली असं उत्तर आलंय, पण मी महिन्याभराने परत विचारणार आहे.